सातशे ग्रॅमचा प्रश्न: ठाण्यातल्या एका सराफाने हत्यार कसं निवडलं

पार्श्वभूमी

ठाण्यात तलावपाळीपासून चालत दहा मिनिटांवर एक सराफी पेढी आहे. आजोबांनी सुरू केलेली, आता नातू चालवतो. वय सत्तेचाळीस. ओळख पटू नये म्हणून नाव आणि गल्ली सांगत नाही. इथे त्यांना नुसतं शेठ म्हणू. घर घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. घरात आई, पत्नी आणि अकरावीतला मुलगा.

मी सत्तावीस वर्षं सरकारी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, आर्मरर म्हणून काढली. हत्यारं उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची, मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. निवृत्तीनंतर परवानाधारकांना हत्यार हाताळायला शिकवतो.

२०२२ ची दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. रात्री पेढी बंद करून शेठ स्कूटरवरून घरी निघाले होते. गळ्यात तिरपी अडकवलेली बॅग, बॅगेत कारागिराकडून आलेला माल. कॅडबरीच्या सिग्नलला मागून मोटारसायकल आली आणि मागे बसलेल्याने बॅगेचा पट्टा खेचला. पट्टा तुटला नाही, पण शेठ स्कूटरसकट आडवे झाले आणि कोपर मोडलं. माल वाचला. रीतसर तक्रार नोंदवली. सहा आठवडे हात गळ्यात होता. त्या सहा आठवड्यांतच त्यांनी शस्त्रपरवान्याचा अर्ज करायचं ठरवलं.

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त असतो. आयुक्तालय नसेल तिथे जिल्हादंडाधिकारी. अर्ज, स्थानिक पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळणीचं प्रशिक्षण, सगळं रीतसर पार पडलं. परवाना २०२४ च्या फेब्रुवारीत हातात आला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि खरेदी लांबली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते माझ्याकडे आले.

अडचण

आले ते निर्णय घेऊनच. मोबाईलवर एक व्हिडिओ लावून फोन माझ्या हातात दिला. अमेरिकेतला कुणी माणूस सिग कंपनीचं पी३६५ दाखवत होता. २०१८ साली बाजारात आलेलं, पाचशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं सबकॉम्पॅक्ट, म्हणजे सहज लपवता येईल असं छोटं पिस्तूल. मुठीतल्या मॅगझीनमध्ये दहा आणि नळीच्या मागच्या टोकाच्या चेंबरमध्ये एक अशी अकरा काडतुसं. "साहेब, असलंच काहीतरी पाहिजे. शर्टाखाली घातलं तरी बायकोलासुद्धा कळता कामा नये."

ते पिस्तूल ९ मिलिमीटरचं आहे. बोअर म्हणजे नळीचं माप. आपल्याकडे ९ मिमी पॅराबेलम हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे बोलण्यातला पीबी. सामान्य परवान्यावर एनपीबी, म्हणजे अप्रतिबंधित बोअरचं हत्यार मिळतं: हँडगनमध्ये मुख्यतः .३२ आणि .२२. परदेशी सबकॉम्पॅक्टची जी यादी लोक इंटरनेटवर वाचतात, ग्लॉक २६, ग्लॉक ४३, पी३६५, ती जवळपास सगळी ९ मिमीची. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी आयात बंदच आहे. त्यामुळे जुनं वॉल्थर किंवा जुनी वेब्ली हातोहात विकली जाते ती काही लाखांना.

हे सांगितल्यावर शेठ थोडा वेळ गप्प बसले. मग हळू आवाजात म्हणाले, की एकाने दुसरीकडून आणून देतो म्हटलंय. मी त्यांना तिथेच थांबवलं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार जवळ सापडलं तर किमान सात वर्षं आणि चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याच्या खिशात वैध परवाना आहे, त्याने असा विषय तोंडातसुद्धा आणू नये. हे मी रागावून बोललो, आणि आजही मला ते बरोबर वाटतं.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. शेठनी 'लहान' हा शब्द पक्का धरला होता. हत्यार लहान का हवं? दिवसभर अंगावर राहील म्हणून. दिवसभर अंगावर का हवं? याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि पहिल्या बैठकीत मीही ते नीट विचारलं नाही.

समोर असलेले पर्याय

मुंबईतल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे आम्ही तिघं गेलो. वहिनींना, म्हणजे शेठच्या पत्नीलाही आणा, असं मी आग्रहाने सांगितलं होतं. हत्यार परवानाधारकाचं असतं, पण ते राहतं घरात.

पहिलं पाहिलं ते निडर. इशापूर रायफल फॅक्टरीचं .२२ चं रिव्हॉल्वर, पाव किलोच्या आसपास. हातात घेताच शेठचे डोळे चमकले. ते मी फार वेळ चर्चेत ठेवलं नाही. .२२ चं काडतूस सरावाला उत्तम, पण अंगावर धावून येणारा माणूस थांबवण्याचा भरवसा त्यावर ठेवू नये, असं माझं मत आहे.

दुसरं निर्भीक. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये आणलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, .३२ बोअर, सहा काडतुसांचं, पाचशे ग्रॅमच्या घरातलं. बाजारात आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या जवळ होती.

तिसरं प्रबल. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड २०२१ मध्ये विसर्जित होऊन ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेलं. हेही .३२ चं. ७६ मिलिमीटरची नळी, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. जुन्या कानपुरी रिव्हॉल्वरची नळी पुढे मोडावी लागते तेव्हा काडतुसांचा फिरता सिलिंडर उघडतो. प्रबलचा सिलिंडर बाजूला बाहेर येतो. ते जुनं मोडणारं रिव्हॉल्वरही काउंटरवर होतंच. त्याच्यावर माझा हात बसलेला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल मी फार बोललो नाही.

चौथं अशनी पिस्तूल, .३२ चं. चपटं, मॅगझीनमध्ये आठ काडतुसं. शेठना हेच आवडलं, आणि त्यांचं कारण चुकीचं नव्हतं. रिव्हॉल्वरचा सिलिंडर फुगीर असतो, शर्टातून उठून दिसतो. पिस्तूल कमरेला सपाट बसतं.

इथे मी एक प्रयोग केला. विक्रेत्याकडून दोन डमी, म्हणजे दारू नसलेली काडतुसं घेतली, मॅगझीनमध्ये भरली, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, ओढून सोडली आणि पिस्तूल शेठच्या हातात दिलं. म्हटलं, आता हे रिकामं करा. त्यांनी खटका दाबून मॅगझीन बाहेर काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "झालं रिकामं?" "झालं की." मी स्लाइड मागे ओढली. चेंबरमधलं डमी काडतूस उडालं, काचेवर टणकन आपटलं आणि घरंगळत वहिनींच्या पर्सपाशी जाऊन थांबलं. कुणी काही बोललं नाही. वहिनींनी ते उचलून तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, ही समजूत माझ्या नोकरीत मी किती वेळा पाहिली त्याची गणती नाही. रोज हत्यार हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांना आधी मॅगझीन, मग चेंबर, मग डोळ्यांनी खात्री, हा क्रम मुखोद्गत असतो. महिन्यातून एकदा हाताळणाऱ्याच्या बोटांना तो नसतो. रिव्हॉल्वरमध्ये हा धोका कमी. सिलिंडर उघडला की सहाही घरं एका नजरेत दिसतात. भरलंय की रिकामं, हे शेजारी उभ्या असलेल्यालाही कळतं.

पिस्तूल मागे पडलं. राहिलं निर्भीक की प्रबल. पाचशे ग्रॅम की सातशे.

विक्रेत्याच्या परवानगीने डमी भरून आम्ही नाण्याची परीक्षा घेतली. नळीवर पुढच्या बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवायचं, हत्यार भिंतीकडे सरळ धरायचं आणि चाप शेवटपर्यंत ओढायचा. नाणं पडलं नाही तर हात स्थिर. रिव्हॉल्वरचा चाप एका ओढीत घोडाही मागे नेतो आणि सिलिंडरही फिरवतो, म्हणून तो जड असतो. त्याला लागणारा जोर हत्याराच्या वजनाच्या कितीतरी पट भरतो. हत्यार जितकं हलकं, तितकी ती ओढ नळीला डोलवते. निर्भीकवर शेठचं नाणं दहापैकी नऊ वेळा पडलं, प्रबलवर सहा वेळा. मोडलेल्या कोपराचा हात होता, हेही लक्षात घ्यायला हवं. लोकांना वाटतं हलक्या हत्याराचा धक्का जास्त बसतो, म्हणून ते टाळावं. .३२ रिव्हॉल्वरच्या काडतुसाला धक्का मुळात सौम्यच आहे. अडचण धक्क्याच्या आधीची असते, चाप ओढतानाची.

तरी शेठना निर्भीकच हवं होतं. "साहेब, दोनशे ग्रॅम म्हणजे आमच्याकडे केवढं वजन ते मला विचारा." या वाक्यावरूनच मला पुढची गोष्ट सुचली. त्या दिवशी काहीच घ्यायचं नाही, असं ठरवून आम्ही परत आलो.

पितळी वजनांचे पंधरा दिवस

पेढीत आजोबांच्या काळातली पितळी वजनं होती. मी शेठना सांगितलं, पाचशे ग्रॅमचं आणि दोनशे ग्रॅमचं अशी दोन वजनं एका पाउचमध्ये घाला, पाउच उजव्या कमरेला पट्ट्यात अडकवा आणि पंधरा दिवस सोडू नका. जिथे जाल तिथे. किती वेळा काढलं, कुठे काढलं आणि का काढलं, ते वहीत लिहा.

ती वही माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसाच्या नोंदी अशा: गादीवर मांडी घालून बसलो, पाउच बरगडीत रुतला, काढून गल्ल्याच्या खणात ठेवला. जेवायला उठलो, परत लावला. स्वच्छतागृहात काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तिथेच विसरलो, नोकराने आणून दिला.

त्या शेवटच्या नोंदीखाली त्यांनी स्वतःच दोन रेघा मारल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ते मस्जिद स्टेशनला गेले. महिन्यातून चार-पाच वेळा झवेरी बाजारात कारागिरांकडे फेरी असते, ठाण्याहून लोकलने. सकाळची गर्दी. कुर्ल्याला लोंढा आत आला आणि एका माणसाचं कोपर पाउचवर दाबलं गेलं ते थेट मस्जिदपर्यंत. शेठनी लिहिलं होतं: "हात खाली नेता येत नव्हता. कुणी काढून घेतलं असतं तर कळलंही नसतं." सहाव्या दिवशी देवळात, नवव्या दिवशी बँकेत, अकराव्या दिवशी मॉलच्या दारात तपासणीला. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, हे आता कुठे ठेवायचं?

पंधरा दिवसांत पाउच एकशे सोळा वेळा काढला आणि लावला गेला. भरलेलं हत्यार जितक्या वेळा काढाल-घालाल, तितक्या वेळा अपघाताला दार उघडता. सातशेऐवजी पाचशे ग्रॅम असते तरी हा आकडा फारसा बदलला नसता. मांडीला, लोकलला, स्वच्छतागृहाला ग्रॅमचं देणंघेणं नाही.

मग आम्ही वही उलट्या बाजूने वाचली. धोका नेमका कधी असतो? रात्री शटर ओढल्यापासून घराच्या पार्किंगपर्यंत. साधारण चाळीस मिनिटं. त्यातही माल अंगावर असेल तेव्हाच.

हा या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा. चाळीस मिनिटांसाठी लहान हत्यार लागत नाही. सैल शर्टाखाली सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्वर चाळीस मिनिटं कुणालाही पेलतं. लपवण्याची जी अट शेठ घेऊन आले होते, तिचा उगमच दिवसभर बाळगण्याच्या कल्पनेत होता. ती कल्पना गेली आणि सबकॉम्पॅक्टचा आग्रहही गळून पडला.

त्याच बैठकीत वहिनींनी पहिल्यांदा सलग बोलायला सुरुवात केली. "काका, माल रोज घरी आणायचाच कशाला? पेढीतली तिजोरी काय शोभेला आहे का?" शेठ म्हणाले, वडिलांच्या काळापासून उंची माल रात्री घरी येतो. वहिनी म्हणाल्या, त्यांच्या काळी घर पेढीच्या माडीवर होतं.

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

ठरलेलं आणि केलेलं

आधी दिनक्रम बदलला. पेढीतली तिजोरी नव्याने भिंतीत आणि जमिनीत पक्की केली. सराफांसाठी ज्वेलर्स ब्लॉक नावाचा विमा असतो. त्यात रात्री दुकानातल्या मालाचं आणि वाहतुकीतल्या मालाचं संरक्षण कोणत्या अटींवर मिळतं, ते विमा एजंटाकडून लेखी घेतलं. कारागिरांच्या मालाची ने-आण दिवसाउजेडी, दोघांनी मिळून आणि दरवेळी वेगळ्या वेळी. रात्री स्कूटर बंद, मोटार सुरू. घरी माल आणायचा तो फक्त लग्नसराईत किंवा सणाला, अगदी गरजेपुरता.

मग हत्यार. प्रबल घेतलं. परवान्यावर क्रमांकाची नोंद झाली. काडतुसं घेताना मी सोबत गेलो, कारण .३२ या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसं मिळतात. रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते आणि पुंगळी २३ मिलिमीटरची; पिस्तुलाची पुंगळी आखूड, १७ मिलिमीटरची. ही अदलाबदल करून चालत नाही. बुडावर के एफ अशी अक्षरं होती. के एफ म्हणजे खडकी, आपल्या पुण्याची दारूगोळा फॅक्टरी, १८६९ पासूनची. शेठनी एक काडतूस भिंगाखाली धरलं, सराफ हिऱ्याला धरतो तसं. मला ते बघून बरं वाटलं.

घरात ठेवण्याबद्दल वहिनींची एकच अट होती: कपाटात, साड्यांखाली, पिठाच्या डब्यात, असं कुठेही नाही. भिंतीत बोल्टने बसवलेली छोटी लोखंडी पेटी, आणि तिचा नंबर फक्त शेठकडे. कायद्यानेही हत्यार ज्याच्या नावावर त्याच्याच ताब्यात हवं. मुलाला आम्ही समोर बसवून हे सगळं सांगितलं. त्याच्यापासून लपवलं असतं तर त्याने ते शोधलं असतं, असं मला वाटतं. सोळा वर्षांचा मुलगा घरातली प्रत्येक बंद वस्तू शोधतो.

भरण्याची आणि रिकामं करण्याची जागा ठरवली. आमच्या कोतात त्यासाठी वाळूची पेटी असायची, नळी तिच्याकडे करूनच हत्यार उघडायचं. शेठनी पेढीच्या मागच्या खोलीत आणि घरात पेटीजवळ वाळू भरलेली एकेक बादली ठेवली. दिवसातून दोनदाच हाताळणी, तीही ठरलेल्या जागी.

कायद्याचा एक धडा मी दोनदा घेतला. खासगी बचावाचा हक्क तेव्हा भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. बचावाला जेवढी गरज तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. जबरी चोरीत हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, पण बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालायचा तो परवाना नव्हे. शेठनी विचारलं, मग कॅडबरीच्या सिग्नलला माझ्याकडे हत्यार असतं तर? मी म्हटलं, तुम्ही रस्त्यावर पडला होता, कोपर मोडलं होतं, तो मोटारसायकलवर निघून गेला होता. हत्यार कमरेलाच राहिलं असतं, किंवा तुमच्या हातून घसरून त्याच्या पायाशी गेलं असतं.

खरेदीनंतर: गंज

जुलै संपता संपता शेठचा फोन आला. रिव्हॉल्वरवर तांबूस ठिपके दिसतायत.

मी घरी गेलो. पेटी उघडली आणि पाहताक्षणी कळलं. हत्यार चामड्याच्या होल्स्टरसकट, म्हणजे कमरेच्या म्यानासकट, आत ठेवलं होतं. पावसाळी हवा, घाम पिऊन बसलेलं चामडं आणि वर बंद पेटी. अकरा दिवस त्यांनी ते बाहेर काढलं नव्हतं, कारण त्या दिवसांत मालच आणला नव्हता. होल्स्टर जिथे घट्ट बसतो, तिथे सिलिंडरच्या कडेला आणि नळीच्या तोंडाशी गंजाचे कण. दोन काडतुसांच्या पितळेवर हिरवट झाक.

तेल आणि मऊ कपड्याने ठिपके निघाले, खड्डे पडले नव्हते. ती काडतुसं बाजूला काढली. मी त्यांना होल्स्टर बांधायला शिकवलं होतं, नाण्याची परीक्षा शिकवली होती, पण हत्यार चामड्यात ठेवून झोपू नका, हे सांगायचं राहिलं होतं. कोतात हत्यारं लाकडी रॅकवर उभी असत आणि रोज कुणीतरी पुसत असे. त्या सवयीमुळे मला हे सांगण्यासारखं वाटलंच नाही. चूक माझी होती.

आता पेटीत होल्स्टरबाहेर, हलका तेलाचा हात फिरवून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत. दर रविवारी सकाळी पुसणं. पुड्या पावसाळ्यात महिन्याला बदलायच्या.

दिवाळी आणि आचारसंहिता

२०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला. सराफाच्या वर्षातले सगळ्यात वर्दळीचे दिवस बरोबर मध्ये.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची हत्यारं जमा करायला सांगतात. कुणाचं जमा करायचं, कुणाला सूट द्यायची, हे छाननी समिती ठरवते आणि कारण दाखवून सूट मागता येते. शेठना नोटीस आली तेव्हा ते दिवाळीच्या ऑर्डरींत बुडालेले होते. सूट मागणारा अर्ज करायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. त्यांनी रिव्हॉल्वर आणि काडतुसं जमा केली, पावती घेतली.

त्या रात्री त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. "साहेब, ज्याच्यासाठी घेतलं तेच दिवस हातातून गेले."

मी विचारलं, दिवाळीत माल घरी आणायचाय का? ते म्हणाले, नाही. वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं: तिजोरीत ठेवायचा, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीपासून पेढीवर रात्रीचा रखवालदार. मग कमरेला काय आहे, याने त्या चाळीस मिनिटांत किती फरक पडणार होता? ती दिवाळी हत्याराशिवाय निर्विघ्न गेली. निकालानंतर पावती दाखवून रिव्हॉल्वर परत मिळालं.

माजिवड्याची संध्याकाळ

जानेवारी २०२५. लग्नसराईचा माल होता, म्हणून त्या दिवशी बॅग मोटारीत होती आणि रिव्हॉल्वर कमरेला. माजिवड्याच्या पुलाखाली मोटारसायकलवरचे दोघं शेजारी आले, काचेवर टकटक केली, मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. पंक्चर आहे, बाजूला घ्या. मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर गाडी थांबवून बॅग पळवायची ही जुनी तऱ्हा.

शेठनी सांगितलेलं मी त्यांच्याच शब्दांत देतो. "हात आपोआप उजवीकडे गेला, साहेब. आणि तिथे आडवा पट्टा. सीट बेल्ट होल्स्टरवरूनच गेलेला. मूठ हाताला लागली, पण ओढली तर बेल्टसकट येणार. त्या क्षणी मला कळलं, हे आता निघत नाही."

मग त्यांनी तेच केलं जे हत्यार नसताना केलं असतं. काच बंद, दारं बंद, गाडी चालू. कापूरबावडीच्या पुढे एका उजेडातल्या पेट्रोल पंपावर आत घेतली, माणसांच्या मध्ये उभी केली, ११२ ला फोन लावला. मोटारसायकल पुढे निघून गेली होती. चारही चाकांत हवा होती.

काय वेगळं करता आलं असतं

सीट बेल्टची गोष्ट मला अजून टोचते. पितळी वजनांचा प्रयोग आम्ही केला तेव्हा शेठ स्कूटरवर होते. प्रयोगानंतर आम्हीच स्कूटर सोडून मोटार आणली आणि कमरेवरची जागा मात्र स्कूटरचीच ठेवली. सगळी वही भरली, आणि बदललेल्या दिनक्रमावर ती पुन्हा भरायची आठवण कुणालाच झाली नाही. होल्स्टर कुठे बांधायचा, हे माणूस बसतो कुठे त्यावरून ठरायला हवं होतं.

दुसरं, परवान्याच्या अर्जाआधी वहिनींचा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. माल घरी येणं थांबलं असतं तर कदाचित अर्जच झाला नसता. शेठ याच्याशी सहमत नाहीत. त्यांना हत्याराचा आधार वाटतो आणि तो त्यांचा हक्क आहे. कोपर त्यांचं मोडलं होतं, माझं नाही.

तिसरं, निवडणूक. शेठची पहिली खरेदी आचारसंहितेमुळेच लांबली होती. तरीही पुढच्या आचारसंहितेत हत्यार जमा करावं लागेल, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सूट मागणाऱ्या अर्जाचा मसुदा आता त्यांच्या फायलीत तयार आहे.

पी३६५ चा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. प्रबलवर आता नाणं दहापैकी सात वेळा राहतं. शेठ रोज रात्री डमी घालून दहा वेळा चाप ओढतात, बादलीकडे तोंड करून.

फेब्रुवारीत आम्ही पितळी वजनं पुन्हा काढली. या वेळी मोटारीत, बेल्ट लावून. उजवी कमर, डावी कमर, पोटापुढे तिरपं, पाउच प्रत्येक जागी दोन दिवस. वहिनी शेजारच्या सीटवर वही घेऊन बसतात आणि प्रत्येक सिग्नलला विचारतात, "आता हात पोचतो का?" सहाव्या दिवसापर्यंत पोटापुढची जागा बरी वाटतेय, पण मानपाड्याच्या वळणावर पाउच अजून वर सरकतो.